इंडोनेशियातल्या खेड्यात जागा घेताना आपण नेमके काय विकत घेतो?

ऑस्ट्रेलियन पर्यटकांच्या खालोखाल बालीत भारतीय पर्यटक जातात आणि त्यांतले काही जण परत येताना तिथल्या एखाद्या भातखाचरालगतच्या व्हिलाचे माहितीपत्रक बरोबर घेऊन येतात. किंमत पुण्याजवळच्या फार्महाऊसएवढी, देखावा मात्र चित्रातल्यासारखा आणि वर वर्षाला दोन आकडी टक्क्यांनी परतावा मिळेल असे आश्वासन. त्याच वेळी बातम्या वेगळेच काही सांगत असतात. जानेवारी २०२५ मध्ये उबुडमधले, परदेशी रहिवाशांमध्ये लोकप्रिय असलेले एक मोठे निवासी संकुल परवान्यांअभावी आणि शेतजमिनीवर बांधकाम केल्याच्या कारणावरून सील झाले. त्याच वर्षी जुलैत बिंगिन किनाऱ्यावरच्या कड्याला चिकटून उभी असलेली ४८ बांधकामे पाडण्यास सरकारने सुरुवात केली. सप्टेंबरच्या पुरानंतर तर बालीच्या प्रांत सरकारने शेतजमिनीवर नव्या हॉटेलांना आणि उपाहारगृहांना परवाने देणार नसल्याचे जाहीर केले.

हे दोन्ही एकाच बेटावर एकाच वेळी कसे घडते, हे कळण्यासाठी इंडोनेशियातल्या गावाची आणि जमिनीची व्यवस्था मुळापासून समजून घ्यावी लागते. ती एकदा समजली की माहितीपत्रकातले कोणते वाक्य खरे, कोणते अर्धे खरे आणि कोणते निव्वळ थाप, हे बऱ्यापैकी ओळखता येते.

गाव एक, कारभार दोन

इंडोनेशियात सुमारे ७५ हजार गावे आहेत. सरकारी भाषेत गावाला ‘देसा’ म्हणतात. २०१४ च्या ग्रामकायद्याने देसाला स्वतःचा अर्थसंकल्प मिळाला आणि २०१५ पासून केंद्राकडून दरवर्षी थेट निधी येऊ लागला. निवडून आलेल्या गावप्रमुखाची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने सहावरून आठ वर्षांची झाली. त्यामुळे गावप्रमुख हा आता बऱ्यापैकी वजनदार माणूस आहे आणि जमिनीच्या बहुतेक कागदांचा प्रवास त्याच्या कचेरीतून सुरू होतो.

बालीत मात्र या सरकारी गावाच्या जोडीला दुसरे गाव असते. त्याला ‘देसा आदात’, म्हणजे परंपरेने चालणारे गाव म्हणतात. देवळे, स्मशान, उत्सव, वस्तीतले वर्तन आणि सामायिक जमिनी यांचा कारभार या दुसऱ्या गावाकडे असतो. त्याचे स्वतःचे लेखी नियम असतात, स्वतःचे रक्षक असतात आणि १९८४ पासून अनेक ठिकाणी स्वतःची पतसंस्थाही असते. या परंपरागत गावाचे वस्तीनिहाय भाग म्हणजे ‘बांजार’. बांजारच्या सभेत कोणाच्या घरचे लग्न, कोणाचे अंत्यविधी, कोणता रस्ता दुरुस्त करायचा आणि कोणी किती वर्गणी द्यायची, हे ठरते.

बाहेरच्या माणसाची पहिली गफलत इथे होते. सरकारी परवाना हातात आला की काम झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ज्या वाटेने वाळूचा ट्रक न्यायचा ती वाट, ज्या पाटातून पाणी यायचे तो पाट आणि ज्या देवळालगत आपली भिंत येणार ते देऊळ, या तिन्हींवर दुसऱ्या गावाचा शब्द चालतो. या व्यवस्थेला कायद्याचेही बळ आहे, कारण बाली प्रांताने २०१९ मध्ये देसा आदातसाठी स्वतंत्र नियमावली केली. तिच्यात गावचे मूळ सदस्य, बाहेरून येऊन राहिलेले हिंदू बालीवासी आणि इतर पाहुणे अशी वर्गवारी आहे. परदेशी माणूस कितीही वर्षे राहिला तरी तिसऱ्या वर्गात राहतो.

जमीन नेमकी कोणाची?

डच राजवटीने १८७० मध्ये एक कायदा केला. ज्या जमिनीवर कोणाला मालकी सिद्ध करता आली नाही ती सरकारची ठरली आणि ती ७५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने मळेवाल्या कंपन्यांना देता येऊ लागली. चहा आणि रबराचे अनेक प्रचंड मळे या पट्ट्यांवर उभे राहिले. स्वतंत्र इंडोनेशियाने राज्यघटनेच्या ३३ व्या कलमात जमीन, पाणी आणि त्यातली संपत्ती राज्याच्या नियंत्रणाखाली आणि लोकांच्या भल्यासाठी असेल असे लिहिले, आणि १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने डचांचा तो कायदा रद्द केला.

या १९६० च्या कायद्यातल्या दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. कलम २१ सांगते की पूर्ण मालकी, जिला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. वारसाहक्काने किंवा विवाहामुळे ती परदेशी माणसाकडे आली तर एका वर्षाच्या आत सोडावी लागते. कलम २६ त्याहून कडक आहे. परदेशी माणसाला थेट किंवा आडवळणाने मालकी देणारा कोणताही व्यवहार आपोआप रद्द ठरतो, जमीन राज्याकडे जाते आणि विकणाऱ्याला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. माहितीपत्रकात ही तीन वाक्ये क्वचितच सापडतात.

मालकीच्या खाली मुदतीचे हक्क येतात. परदेशी व्यक्तीकडे राहण्याचा वैध परवाना असेल तर तिला वापराचा हक्क मिळू शकतो. २०२१ च्या नियमानुसार त्याची मुदत आधी ३० वर्षे, मग २० आणि पुन्हा ३० अशी वाढू शकते. पण हा हक्क महागड्या घरांपुरता आहे. बालीत किमान ५०० कोटी रुपिया (इंडोनेशियाचे चलन) किमतीचे घर असावे लागते, म्हणजे आजच्या दराने अडीच कोटी रुपयांच्या पुढे, आणि एका कुटुंबाला एकच भूखंड मिळतो. राहण्याचा परवाना संपला तर हा हक्कही वर्षभरात सोडावा लागतो. त्यामुळे खेड्यातले बहुसंख्य व्यवहार या वाटेने जात नाहीत. ते साध्या भाडेपट्ट्याने होतात.

भाडेपट्टा म्हणजे मुदत

कोकणात हापूसची बाग काही वर्षांसाठी खंडाने घेणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशोब आठवून पाहा. खत तो घालतो, फवारणी तो करतो आणि आंबाही त्याचाच, पण मुदत संपली की कलमे, कुंपण आणि त्याने पदरमोड करून खोदलेली विहीर बागेच्या मालकाकडे राहते. म्हणूनच शेवटच्या वर्षांत तो बागेवर नवा खर्च करत नाही. बालीच्या खेड्यातला २५ वर्षांचा भाडेपट्टा याच जातीचा आहे. फरक एवढाच की इथे आपण मोकळ्या जमिनीवर आख्खे घर बांधतो.

जमीन तिथे ‘आर’मध्ये मोजतात. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टरच्या पुढे जो आर लिहिलेला असतो तोच हा, १०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. भाडेपट्ट्याचा भाव एका आरला एका वर्षासाठी सांगितला जातो आणि सगळ्या वर्षांचे पैसे बहुधा एकदमच द्यावे लागतात. ही पद्धत माहीत नसलेल्या माणसाला ऐकलेला भाव कमालीचा स्वस्त वाटतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा आर जमीन, २५ वर्षांची मुदत आणि आरला वर्षाला दीड कोटी रुपिया असा भाव धरू. दहा गुणिले पंचवीस गुणिले दीड कोटी म्हणजे ३७५ कोटी रुपिया. एका रुपयाला साधारण १८७ रुपिया धरले तर हे दोन कोटी रुपये झाले. घर बांधायला आणखी एक कोटी साठ लाख लागले असे समजू. एकूण गुंतवणूक तीन कोटी साठ लाख.

माहितीपत्रक या रकमेवर वर्षाला, समजा, २० लाखांचे निव्वळ उत्पन्न दाखवून ‘साडेपाच टक्के परतावा, शिवाय मालमत्तेच्या किमतीतली वाढ’ असे लिहील. इथे थांबून विचार करावा लागतो. तीन कोटी साठ लाख २५ वर्षांत शून्यावर येणार आहेत. म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार हे उत्पन्न नसून आपलेच मुद्दल हप्त्याहप्त्याने परत येत आहे. वीस लाखांतला खरा नफा साडेपाच लाखांच्या आसपास उरतो. हीच रक्कम सात टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवली तर वर्षाला २५ लाख २० हजार मिळतात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. ठेवीची बरोबरी साधायची असेल तर त्या घराने सगळे खर्च आणि कर वजा जाता दरवर्षी सुमारे ३१ लाख रुपये कमवायला हवेत, तेही २५ वर्षे सलग, पहिल्या दिवसापासून. बांधकामात गेलेले वर्ष, कोविडसारख्या साथीने आलेले मंदीचे वर्ष आणि दमट हवेने कुजलेले लाकूड बदलण्याचे वर्ष या हिशोबात अजून धरलेलेच नाही.

राहिली किमतीतली वाढ. दहा वर्षांनी हे घर विकायला काढले तर घेणारा उरलेली १५ वर्षे विकत घेईल. भाव वाढले असतील तर त्या १५ वर्षांना अधिक पैसे मिळतील, हे खरे. पण घड्याळ त्याच्याही विरुद्ध चालत असते.

मुदतवाढीचे कलम इथे कळीचे ठरते. ‘मुदत वाढवता येईल’ एवढेच लिहिले असेल आणि कोणत्या भावाने हे लिहिलेले नसेल, तर पंचवीस वर्षांनी जमीनमालकाचा मुलगा सांगेल तो भाव. भाव ठरवण्याची रीत करारातच लिहून घेणे, निदान त्रयस्थ मूल्यांककाची अट घालणे, हाच त्यावरचा उपाय आहे. भाडेपट्ट्याच्या बाजूने एक चांगली गोष्टही सांगायला हवी: इंडोनेशियाच्या नागरी संहितेप्रमाणे जमीन दुसऱ्याला विकली गेली किंवा मालक वारला तरी चालू भाडेपट्टा तुटत नाही. नीट केलेला भाडेपट्टा हा कमजोर कागद मुळीच नाही. तो मुदतीचा कागद आहे, आणि त्याला मालकीची किंमत देऊ नये, इतकेच.

‘पण अमक्याकडे तर स्वतःच्या मालकीची जमीन आहे’

हा आक्षेप हमखास येतो आणि त्यामागची युक्ती जुनी आहे. जमीन स्थानिक माणसाच्या नावावर घ्यायची, पैसे परदेशी माणसाने द्यायचे, आणि त्या स्थानिकाकडून कर्जाचा करार, कुलमुखत्यारपत्र आणि विक्रीची कायमची संमती अशी कागदपत्रे लिहून घ्यायची. तिथे याला ‘पिंजाम नामा’ म्हणतात, म्हणजे नाव उसने घेणे. परदेशी माणसांमध्ये एकमेकांना हा मार्ग सुचवण्याची मोठीच चाल आहे.

कलम २६ मधले ‘आडवळणाने’ हे शब्द नेमके याच व्यवहारासाठी आहेत. नाव उसने दिलेला माणूस मेला, त्याचा घटस्फोट झाला, त्याने ती जमीन बँकेकडे गहाण टाकली किंवा नुसते हात वर केले, तर परदेशी माणसाने न्यायालयात जाऊन काय सांगायचे? बेकायदा करार पाळला जात नाही, ही तक्रार कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. कंपनीचे समभाग दुसऱ्याच्या नावाने ठेवण्याच्या युक्तीलाही २००७ च्या गुंतवणूक कायद्याने असेच रद्द ठरवले आहे. बरीच वर्षे काही बिघडले नाही, हा या मार्गाच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितला जातो. तो पुरावा नाही. त्या माणसाचे आणि त्याच्या वारसांचे अजून बिनसलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

स्थानिक व्यक्तीशी विवाह झाला असेल तर प्रश्न निराळा होतो. संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार असेल तर इंडोनेशियन जोडीदाराची मालकी शाबूत राहते आणि घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर असा करार विवाह झाल्यावरही करता येतो. त्यात मालकी जोडीदाराचीच असते, हे उघड आहे.

‘मग कंपनी काढून घेऊ’

परदेशी भांडवलाची कंपनी इंडोनेशियात रीतसर काढता येते आणि तिला इमारत बांधून वापरण्याचा नोंदणीकृत हक्क मिळू शकतो: ३०, २० आणि ३०, असा जास्तीत जास्त ८० वर्षांचा. हा हक्क गहाण टाकता येतो, विकता येतो. खऱ्या अर्थाने धंदा करायचा असेल तर हीच सरळ वाट आहे.

अडचण आकाराची आहे. अशा कंपनीने जमीन आणि इमारत सोडून १,००० कोटी रुपियापेक्षा जास्त गुंतवणूक करण्याचा आराखडा द्यावा लागतो. म्हणजे पाच कोटी रुपयांहून अधिक, आणि तीही खेड्यातल्या चार खोल्यांसाठी. छोट्या घरगुती पाहुणचाराचा व्यवसाय तर स्थानिकांसाठीच राखून ठेवलेला आहे. यामागे धोरण स्पष्ट दिसते: मोठे परदेशी भांडवल हवे, पण गावातल्या माणसाच्या दोन खोल्यांच्या धंद्याशी स्पर्धा करणारा छोटा परदेशी मालक नको. मला हे धोरण रास्त वाटते. आपल्याला न वाटले तरी आराखडा बनवताना ते गृहीत धरावे लागेल.

‘हा परदेशी माणसावर अन्याय नाही का?’

हा प्रश्न भारतीयाने विचारण्याआधी घरचे कायदे पाहावेत. भारतीय वंशाचा नसलेला आणि भारताबाहेर राहणारा परदेशी नागरिक आपल्याकडे जमीन विकत घेऊ शकत नाही. त्याला फार तर पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करता येतो. महाराष्ट्रात तर जन्मापासून इथे राहणाऱ्या पण शेतकरी नसलेल्या माणसाला १९४८ च्या कुळकायद्यामुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्या तुलनेत इंडोनेशियाने परदेशी माणसाला दिलेली मोकळीक मोठीच म्हणायची.

रंग कोणता आहे?

जमिनीवरचा हक्क हा एक प्रश्न झाला. त्या जमिनीवर काय करता येते हा दुसरा, आणि अलीकडच्या बातम्या मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाच्या आहेत. प्रत्येक जिल्ह्याचा विकास आराखडा असतो आणि त्यात जमिनींना रंग दिलेले असतात. बालीत ढोबळमानाने हिरवा शेतीचा, पिवळा राहण्याचा आणि गुलाबी पर्यटनाचा. हिरव्यातही काही जमीन २००९ च्या कायद्याने कायमची अन्नधान्यासाठी राखलेली आहे; तिचा वापर बदलला तर पाच वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आणि १०० कोटी रुपियापर्यंत दंड होऊ शकतो.

पिवळ्या पट्ट्यात राहते घर बांधता येते, पण ते रोजच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायचे तर वेगळा परवाना लागतो. ‘राहा आणि कमवा’ या जाहिरातीतला ‘कमवा’ हा अर्धा भाग इथेच अडखळतो. त्याखेरीज भरतीच्या कमाल रेषेपासून किमान १०० मीटर किनारा मोकळा सोडावा लागतो, इमारतीची उंची साधारणतः १५ मीटरच्या आत ठेवावी लागते आणि मोठ्या देवळांभोवती पावित्र्याचे ठरावीक अंतर पाळावे लागते.

बिंगिनच्या बांधकामांकडे वर्षानुवर्षे कोणी बोट दाखवले नव्हते. तिथे सर्फिंगसाठी येणाऱ्यांच्या पिढ्या राहून गेल्या, स्थानिक कुटुंबांनी पोट भरले, मग हळूहळू भांडवल आले. जागा सरकारी होती आणि परवाने नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते. ‘इथे सगळेच असे बांधतात’ हे वाक्य ज्या दिवशी सरकारला यंत्रे पाठवावीशी वाटतात त्या दिवसापर्यंतच खरे असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी विकास आराखड्यातला रंग लेखी विचारावा, मग आपला वापर त्या आराखड्यात बसतो असा दाखला मिळवावा, मग इमारतीची मंजुरी, आणि बांधून झाल्यावर ती वापरायोग्य असल्याचा दाखला. २०२१ पूर्वीचा जुना बांधकाम परवाना दाखवून घर विकले जात असेल, तर तो कोणत्या वापरासाठी दिला होता ते वाचून घ्यावे.

कागद कोणता खरा?

खेड्यात अजूनही अनेक कुटुंबांकडे जमिनीचा कागद म्हणजे जुन्या कराच्या नोंदीचा उतारा असतो. जावात त्याला ‘गिरिक’ म्हणतात. तो मालकीचा दाखला नव्हे. अमुक माणूस या जमिनीचा कर भरत होता, एवढेच तो सांगतो. अशा जमिनींची नोंदणी पूर्ण करण्यासाठी २०२१ च्या नियमाने पाच वर्षांची मुदत दिली. खरा दाखला म्हणजे राष्ट्रीय भूमी कार्यालयाचे प्रमाणपत्र. त्याची पडताळणी सरकारमान्य जमीन-दस्त अधिकाऱ्याकडून, म्हणजे बहुधा तिथल्या नोटरीकडूनच, मूळ नोंदीशी ताडून करून घ्यावी लागते. आपला नोटरी आपण निवडावा. दलालाने ‘आमचा नेहमीचा माणूस आहे’ असे सांगितले की ते नाकारण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रमाणपत्र खरे असले तरी सही करणारा एकटा मालक आहे का, हे वेगळे तपासावे लागते. बालीत वडिलोपार्जित जमीन पुरुषांच्या वंशाने चालते आणि चुलत घराण्यांचे हक्क एकमेकांत गुंतलेले असतात. पश्चिम सुमात्रात मिनांगकाबाऊ समाजात हेच स्त्रियांच्या वंशाने चालते आणि घराण्याची मूळ जमीन कोणी एकटा विकूच शकत नाही. देवळाच्या खर्चासाठी राखलेली आणि गावसेवेच्या बदल्यात कुटुंबाकडे असलेली जमीनही असते. जावात गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी दिलेल्या जमिनी आहेत. पद गेले की त्या जातात. यांतली कोणतीही जमीन डोळ्यांना वेगळी दिसत नाही. सगळीकडे भातच डुलत असते.

आणखी एक: इंडोनेशियन पक्षाबरोबरचा करार इंडोनेशियन भाषेत असावा, असे २००९ चा कायदा सांगतो आणि केवळ इंग्रजीत केलेले करार न्यायालयांनी या कारणावरून रद्द केलेले आहेत. देशातले व्यवहार रुपियातच करावे लागतात. डॉलरमध्ये ‘पक्का’ भाव सांगणाऱ्याला हे दोन्ही नियम माहीत नसतील, किंवा फार चांगले माहीत असतील.

गावात राहणे

पर्यटक म्हणून भारतीयाला विमानतळावर पाच लाख रुपियात ३० दिवसांचा प्रवेश मिळतो आणि तो एकदा तेवढाच वाढवता येतो. त्यावर काम करता येत नाही, स्वतःच्या भाड्याच्या घराचा कारभार पाहणेही अंगाशी येऊ शकते. परदेशातल्या कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांना वर्षाचा परवाना आहे, पण वर्षाला ६० हजार डॉलरचे उत्पन्न दाखवावे लागते. मोठ्या गुंतवणूकदारांसाठी २०२४ पासून ‘गोल्डन व्हिसा’ रीतसर सुरू झाला असून त्यात पाच वर्षांसाठी साडेतीन लाख डॉलर सरकारी रोखे, समभाग किंवा ठेवीत ठेवण्याचा एक पर्याय आहे. घर असणे आणि राहण्याचा हक्क असणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

गावाच्या तोंडाशी ‘पाहुण्याने २४ तासांत कळवावे’ अशा अर्थाची पाटी अनेक ठिकाणी दिसते. ती शोभेची नसते. वस्तीच्या प्रमुखाकडे जाऊन नाव नोंदवणे ही पहिल्या दिवसाची रीत आहे. वीज बहुधा मोबाईलसारखी आधी पैसे भरून घ्यायची असते आणि घरगुती जोडणीची क्षमता कमी असते. दोन वातानुकूलन यंत्रे आणि पाण्याचा पंप एकदम चालला की अंधार होतो. तीन किलोचा हिरवा गॅस सिलिंडर दुकानात दिसतो, पण ते अनुदान गरिबांसाठी आहे. ‘न्येपी’च्या, म्हणजे बालीतल्या हिंदूंच्या मौनाच्या दिवशी बालीत विमानतळासकट सगळे बंद असते, बाहेर पडता येत नाही आणि दिवेही लावायचे नसतात, परदेशी माणसालाही त्यातून सूट नाही. पहाटेचा कोंबडा, मशिदीची बांग किंवा रात्रभर चालणारे वाद्यवृंदाचे सूर यांवर तक्रार करणारा माणूस गावाच्या नजरेतून उतरतो, आणि उतरलेल्याला पाटाचे पाणी, रस्त्याची संमती, कामाला माणसे या सगळ्याला उशीर होऊ लागतो.

‘पण गावाला पैसा मिळतोच ना?’

मिळतो, पण कोणाला मिळतो हे पाहावे लागते. बालीतली भातशेती ‘सुबाक’ नावाच्या पाणीवाटप संस्थांवर चालते. डोंगरावरच्या उगमापासून खालच्या शेतापर्यंत पाणी कधी कोणाला सोडायचे, लावणी कधी करायची, हे शेतकरी देवळाच्या पंचांगाशी जोडून एकत्र ठरवतात. युनेस्कोने २०१२ मध्ये या व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. अशा उताराच्या मध्यभागी एक खाचर भाडेपट्ट्याने गेले आणि तिथे पोहण्याचा तलाव बांधला गेला, तर एका शेतकऱ्याला पैसे मिळतात आणि खालच्या दहा जणांच्या पाण्याचा मार्ग बदलतो. पाहणाऱ्याला वाटते भातशेती सुंदर आहे म्हणून इथे राहावे. अशी पुरेशी माणसे राहायला आली की ती भातशेती उरत नाही.

तरीही शेतकऱ्याला दोष देणे सोपे नाही. ताबानान जिल्ह्यातले जातिलुविह हे या वारशातले सर्वांत प्रसिद्ध गाव. डिसेंबर २०२५ मध्ये तिथे शेतात उभारलेली काही उपाहारगृहे आणि बांधकामे प्रशासनाने सील केली, तेव्हा गावकऱ्यांनीच निषेध म्हणून भाताच्या हिरव्या पायऱ्यांवर जस्ती पत्रे उभे केले. पर्यटक आमचे शेत पाहायला येतात, छायाचित्रे काढतात आणि पैसे दुसरीकडे खर्च करतात, मग आम्ही आमच्या शेतात चहाचे दुकानही का काढू नये, हा त्यांचा प्रश्न होता. संरक्षणाचा खर्च भातावर जगणाऱ्याने करायचा आणि देखाव्याचा नफा इतरांनी घ्यायचा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही. बाहेरचा गुंतवणूकदार या वादात तिसरा माणूस म्हणून शिरतो आणि नियम कडक झाले तर सर्वांत आधी त्याच्यावर नजर जाते.

मग बालीबाहेर जावे का?

लोम्बोक, सुंबा, फ्लोरेस या बेटांवर जमीन स्वस्त आहे आणि दलाल त्यांना ‘वीस वर्षांपूर्वीचे बाली’ म्हणतात. स्वस्ताईचे कारण बहुतेक वेळा कागद आणि पाणी हेच असते. परंपरागत सामायिक जमिनीची हद्द तिथे अनेकदा फक्त गावातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. शिवाय जमीन कुठलीही असो, खालचे भूकवच तेच, भूकंपाचे. ऑगस्ट २०१८ मध्ये लोम्बोकला ६.९ तीव्रतेच्या भूकंपात पाचशेहून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच महिन्यात सुलावेसी बेटावरच्या पालू शहरात भूकंपामुळे पेतोबो आणि बालारोआ या वस्त्या द्रवासारख्या झालेल्या मातीत गाडल्या गेल्या. बांधकामाच्या अंदाजपत्रकात भूकंपविम्याचा हप्ता नसेल तर ते अंदाजपत्रक अपुरे आहे.

चलनाचा धोकाही इथेच मोजावा. १९९७ च्या मध्याला एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया होते. वर्षभरात ते १६ हजारांच्या घरात गेले.

भारतातून पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत परदेशी पाठवता येते आणि तीत परदेशातली स्थावर मालमत्ता घेणेही बसते. दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोपर्यंत हातात खेळता पैसा कमी राहतो. नाव उसने घेतलेल्या व्यवहारासाठी बँकेला कारण काय सांगणार, हा प्रश्न या टप्प्यावर पुन्हा उभा राहतो.

तिथल्या भाड्यावर इंडोनेशियात कर लागतो आणि पाहुण्यांच्या राहण्यावर जिल्ह्याचा १० टक्क्यांपर्यंतचा वेगळा कर असतो. हेच उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असल्याने तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. भाडेपट्टा, तिथले बँक खाते आणि कंपनीतला हिस्सा हे सगळे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंदवायचे असते आणि ते राहून गेले तर १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. बँकेत पैसे पाठवण्याचा अर्ज भरण्याआधी तिथल्या नोटरीचा पडताळणीचा कागद, विकास आराखड्यातल्या रंगाचे लेखी उत्तर आणि मुदतवाढीच्या भावाचे कलम हे तिन्ही हातात असावेत, आणि करार पाहणारा सनदी लेखापाल भारतातल्या कायद्याचाही जाणकार असावा.